चौदा मिलिमीटर

त्या सिनेमाचं नाव आम्ही घेत नाही.
घेतलं की तारीख पुढे जाते,
तीनदा गेली आहे.

मारिबोरमध्ये, द्रावा नदीच्या अलीकडच्या काठावर
व्हिडिओ यंत्रं दुरुस्त करण्याचं एक दुकान आहे,
जिथे यंत्र घेऊन आता कुणी येत नाही.
दर गुरुवारी आम्ही तिघं येतो.
व्होइतेह, ज्याचं दुकान.
झोराना, जी दिवसा दातांच्या कवळ्या घडवते.
आणि मी, जिने आयुष्यभर परक्यांची भांडणं
पडद्याच्या तळाशी दोन ओळींत बसवली.

फळीवर सगळं अक्षरांच्या क्रमाने.
मधे एक फट राखलेली,
चौदा मिलिमीटर, एका डबीच्या जाडीची.
शेजारच्या डब्या तिच्यात कलंडू नयेत
म्हणून व्होइतेहने लाकडाची पाचर बसवली आहे.
सोळा वर्षं ती पाचर पुसतो आम्ही.

तोवर एक टेप आहे.
त्र्याऐंशीच्या जानेवारीत सरहद्दीपलीकडून,
कौलांवर आडवं पडून धरलेल्या अँटेनाने
पकडलेली.
तिच्यात माणसांपेक्षा मुंग्या जास्त.
नावाड्याचे ओठ आधी हलतात, आवाज मागाहून येतो,
आपल्याच बोलण्यावर विचार करून पाठवल्यासारखा.
आणि तो घोडा. गोठलेल्या पाण्यावर उभा,
चार मिनिटं, कुणीच न्यायला येत नाही.
तेव्हा झोराना कॉफीचा घोट तोंडातच धरून ठेवते.

मूळ रिळं दिग्दर्शकाच्या भाचीकडे, प्तुयला,
तळघरात, आंबवलेल्या सलगमाच्या पिंपांशेजारी.
फोनवर ती म्हणाली, फिल्म कुजली की व्हिनेगरचा वास येतो म्हणता,
बाई, माझ्या तळघराला शंभर वर्षं तोच वास आहे.
कुठला कुणाचा, मी कसं ओळखू?

झोराना बसने गेली.
हातमोजे घालून, कवळी तपासावी तशी
एकेक डबा उघडून हुंगत बसली.
पाच रिळं धडधाकट.
सहाव्याची वडी झालेली,
सुरीने कापता येईल अशी.

या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं.
पाच रिळं धुऊन झाली, फार सुंदर आली आहेत.
सहाव्यासाठी जगात दुसरी प्रत सापडत नाही.
आपल्याकडे एक टेप असल्याचं कळतं.

घोडा सहाव्या रिळात आहे.

मी उडालेच. झोरानाने मला मिठी मारली.
व्होइतेह मात्र यंत्राचं झाकण उघडून
आत फुंकर मारत राहिला.
मग त्याने टेप लावली, नेमकी तिथे आणली.
घोड्याच्या पोटावरून पांढऱ्या रेघा धावतात,
अकरा सेकंद, मग थांबतात, मग पुन्हा सहा.
आम्ही त्या शेकडो वेळा पाहिल्या आहेत.
खराब सिग्नल म्हणून सोडून दिल्या आहेत.

आई कॉफी दळत होती, तो म्हणाला.
इलेक्ट्रिक दळणी होती, नवीकोरी.
मी छपरावरून ओरडलो, बंद कर!
तिने केली.
मग तिला वाटलं, झालं असेल,
आणि उरलेली दळली.

पत्राच्या शेवटी लिहिलं आहे:
रेघा वगैरे काळजी नसावी,
आमच्याकडे हल्ली सगळं पुसता येतं.

सोळा वर्षं आम्ही काय मागत होतो?
डाग नको, खरखर नको, एक केससुद्धा नको.
मीच तर सगळ्यांत जास्त पत्रं लिहिली.

आता उत्तरही मीच लिहायचं आहे,
कारण दोन ओळींत बसवायचं मला येतं म्हणे.
पहिली ओळ झाली: टेप पाठवत आहोत.
दुसरीत व्होइतेह म्हणतो, लिही, रेघा ठेवा.
झोराना म्हणते, अरे, घोडा जगाचा आहे.
तो म्हणतो, हो, घोडा जगाचा.

बाहेर पूल धुक्यात निम्मा गेला आहे.
कॉफी गार झाली.
झोराना उठली, डब्यात हात घातला,
आणि दळणी लावण्याआधी
व्होइतेहकडे बघून थांबली.

पाचर अजून फळीवरच आहे.